बोरॉनची वाहतूक : कर्करोगावरील न्यूट्रॉन चिकित्सा, नॅनोकण आणि आमच्याकडील एक निधी

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वार्षिक अहवालातील आकडे व लेखापरीक्षित ताळेबंद आपल्या हाती दिलेच आहेत. ते वाचून दाखविण्यात आम्ही आपला वेळ घेणार नाही. मात्र ताळेबंदाच्या देयतेच्या बाजूस, 'विशिष्ट हेतूसाठी राखून ठेवलेले निधी' या शीर्षाखाली एक लहानशी रक्कम दोन वर्षे जशीच्या तशी पडून आहे. त्या रकमेचा खुलासा करणे आमचे कर्तव्य आहे. तो खुलासा करता करता आम्हांस अणुविज्ञानापर्यंत जावे लागले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. जमाखर्च हाच आमचा विषय. तेव्हा आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून समजून घेऊन व वाचून जे कळले, तेच साध्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

तीन वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यातील एक तरुण आमच्या कार्यालयात आले. त्यांच्या वडिलांना तोंडाचा कर्करोग झाला होता. मुंबईस शस्त्रक्रिया झाली, किरणोपचारही झाले. परंतु वर्ष-दीड वर्षात गाठ त्याच जागी पुन्हा उद्भवली. पुन्हा तेवढेच किरण देणे शक्य नाही, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले होते. तरुणाच्या हातात एक कात्रण होते. "साहेब, जपानात अशाच रुग्णांसाठी नवा उपचार निघालाय म्हणतात. दोन एकर विकायची तयारी आहे. तुम्ही फक्त सांगा, जावं की नाही?" असे त्यांनी विचारले. आमच्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते. चौकशी करून सांगतो, असे म्हणून आम्ही त्यांना चहा पाजून परत पाठविले. चौकशी पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचे वडील गेले.

वर्षश्राद्धानंतर त्या कुटुंबाने आपल्या रुग्णालयास देणगी दिली. पावतीवर हेतू लिहून घेतला, तो असा : 'कर्करोगावरील नव्या न्यूट्रॉन उपचारासाठी'. देणगी ज्या हेतूने दिली जाते त्याच हेतूसाठी ती खर्च करणे न्यासावर बंधनकारक असते. म्हणून ती रक्कम आम्ही वेगळी ठेवली आणि हा उपचार नेमका काय आहे, याचा शोध घेऊ लागलो. आज ते तरुण व त्यांच्या मातोश्री सभेस उपस्थित आहेत. त्यांच्या संमतीनेच हा विषय मांडीत आहोत. नाव मात्र त्यांच्या इच्छेनुसार घेत नाही.

या चिकित्सेचे नाव 'बोरॉन न्यूट्रॉन ग्रहण चिकित्सा'. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला बीएनसीटी म्हणतात. यातील बोरॉन आपल्या शेतकरी बांधवांना नवा नाही. फुलगळ थांबावी, फळधारणा नीट व्हावी म्हणून कृषी सेवा केंद्रातून आणून ज्याची फवारणी करतात, तेच हे मूलद्रव्य. घरातील टाकणखार आणि कॅरमच्या पटावर टाकावयाची बोरिक पावडर हीदेखील त्याचीच संयुगे. निसर्गातील बोरॉनमध्ये सुमारे एक पंचमांश भाग 'बोरॉन-१०' या प्रकारचा असतो. मंदगती न्यूट्रॉन समोर आला की तो गिळून टाकण्याची या बोरॉन-१० ची शक्ती, आपल्या शरीरातील हायड्रोजन व नायट्रोजन यांच्या तुलनेत हजारो पटींनी अधिक आहे.

न्यूट्रॉन गिळताच बोरॉनचा अणू फुटतो. त्यातून एक अल्फा कण व एक लिथियमचा कण असे दोन तुकडे वेगाने बाहेर पडतात. हे तुकडे फार दूर जात नाहीत. त्यांची धाव पाच ते नऊ मायक्रोमीटर, म्हणजे साधारणतः एका पेशीच्या व्यासाएवढी असते. त्यामुळे ज्या पेशीत बोरॉन असेल तीच पेशी आतून उद्ध्वस्त होते आणि शेजारची निरोगी पेशी बव्हंशी वाचते. नेहमीच्या किरणोपचारात किरण गाठीपर्यंत पोहोचताना वाटेतील निरोगी भागासही झळ लागते. येथे संहाराची जागा ठरते ती मुख्यतः बोरॉन कोठे आहे यावरून.

आमच्या व्यवसायातील उदाहरण द्यावयाचे तर, आपल्या न्यासाच्या धनादेशावर दोन सह्या लागतात. एकट्या अध्यक्षांची सही असून चालत नाही, एकट्या कोषाध्यक्षांचीही नाही. दोन्ही सह्या एकाच कागदावर आल्या तरच धनादेश वटतो. तसेच येथे आहे. पेशीत नुसते बोरॉन असेल तर विशेष काही घडत नाही. योग्य मात्रेतील न्यूट्रॉननेही तुलनेने थोडीच हानी होते. दोन्ही एकाच पेशीत भेटले तरच काम होते.

ही कल्पना नवी नाही. न्यूट्रॉनचा शोध चॅडविक यांनी १९३२ साली लावला आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९३६ साली, गॉर्डन लोचर या अमेरिकी शास्त्रज्ञाने हा उपचार सुचविला. १९५१ साली अमेरिकेतील ब्रूकहेवन येथील अणुभट्टीवर मेंदूच्या कर्करोगाच्या रुग्णांवर त्याचा पहिला प्रयोग झाला. त्या रुग्णांना बोरॉन दिले गेले ते कोणत्या रूपात? समृद्ध केलेल्या टाकणखाराच्या रूपात. परिणाम निराशाजनक ठरला. टाकणखारास गाठ कोणती आणि रक्त कोणते हे कळत नव्हते. बोरॉन रक्तातही राहिले, त्वचेतही राहिले, आणि न्यूट्रॉनने तेथेही आपले काम केले. १९६१ साली अमेरिकेतील ते प्रयोग थांबविण्यात आले.

येथे एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, आणि आजच्या भाषणात सांगण्यासारखी खरी गोष्ट तीच आहे. न्यूट्रॉनची उणीव तेव्हाही नव्हती, बोरॉनचीही नव्हती. उणीव होती ती बोरॉन योग्य दारी पोहोचविणाऱ्या वाहकाची. लातूरकरांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानलेले असताना कृष्णेस पाणी होते. प्रश्न होता ते मिरजेहून येथवर आणण्याचा. रेल्वेच्या टाक्या आल्या तेव्हा पाणी आले, आणि स्थानकापासून घरापर्यंत ते नेण्यासाठी पुन्हा वेगळी व्यवस्था लागली. बोरॉनचेही तसेच आहे.

पुढील इतिहास हा या वाहकाच्या शोधाचाच इतिहास आहे. जपानमध्ये डॉ. हिरोशी हातानाका यांनी १९६८ पासून बीएसएच या गंधकयुक्त बोरॉन संयुगाच्या साहाय्याने मेंदूच्या गाठींवर उपचार केले. तेथीलच डॉ. युताका मिशिमा यांनी १९८७ साली बीपीए नावाचे संयुग त्वचेच्या कर्करोगासाठी वापरले. हे बीपीए दिसावयास एका अमिनो आम्लासारखे असते. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढतात, त्यांची भूकही मोठी. अमिनो आम्ल समजून त्या बीपीए आत ओढून घेतात आणि त्याबरोबर बोरॉनही आत जाते. फिनलंडमध्ये १९९९ पासून २०१२ पर्यंत एका संशोधन अणुभट्टीवर दोनशेहून अधिक रुग्णांना हाच उपचार देण्यात आला. त्यांत डोके व मान या भागांत परतलेल्या कर्करोगाचे रुग्णही होते.

परंतु अणुभट्टी काही रुग्णालयाच्या आवारात उभारता येत नाही. रुग्णालयात बसविता येईल असे न्यूट्रॉन निर्माण करणारे कणत्वरक यंत्र जपानने विकसित केले. मार्च २०२० मध्ये तेथील शासनाने त्या यंत्रास व बीपीएवर आधारित औषधास मान्यता दिली, आणि जून २०२० पासून फुकुशिमा प्रांतातील कोरियामा व ओसाका प्रांतातील ताकात्सुकी येथे आरोग्य विम्याअंतर्गत उपचार सुरू झाले. ही मान्यता कोणत्या रुग्णांसाठी आहे? डोके व मान या भागांतील ज्या गाठी शस्त्रक्रियेने काढता येत नाहीत, त्या स्थानिक पातळीवर वाढलेल्या अथवा पुन्हा उद्भवलेल्या गाठींसाठी. अर्थात तरुणाच्या हातातील कात्रण खोटे नव्हते. मान्यतेपूर्वीच्या चाचणीत २१ रुग्ण होते व त्यांपैकी सुमारे ७१ टक्के रुग्णांच्या गाठी पूर्णतः अथवा अंशतः कमी झाल्या. हा आकडा आशादायक आहे. परंतु तो २१ रुग्णांचा आहे, आणि गाठ कमी होणे म्हणजे रोग कायमचा जाणे नव्हे, हेही तितकेच खरे आहे.

आता वाहकाच्या हिशेबाकडे वळू. या उपचारात शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे ५०० मिलिग्रॅमपर्यंत बीपीए शिरेवाटे द्यावे लागते. पन्नास किलो वजनाच्या माणसास ते पंचवीस ग्रॅम होते. त्या पंचवीस ग्रॅममध्ये प्रत्यक्ष बोरॉन किती? जेमतेम पाच टक्के, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास. आडत बाजारातील आमच्या व्यापारी मित्रांना विचारावे, की शंभर किलोच्या मालमोटारीत पाच किलो माल आणि पंच्याण्णव किलो बारदान, असा व्यवहार परवडेल काय? आणि त्या सव्वा ग्रॅमपैकीही गाठीत पोहोचतो तो अल्पांशच. गाठीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सुमारे २० ते ३५ मायक्रोग्रॅम बोरॉन-१० साठले पाहिजे, आणि ते निरोगी भागाच्या निदान तिप्पट असले पाहिजे, असे तज्ज्ञ सांगतात. शिवाय बीपीए पेशीत जसे शिरते तसे ते बाहेरही पडते. म्हणून न्यूट्रॉन देत असतानाही औषधाचा पुरवठा चालूच ठेवावा लागतो. काही गाठी बीपीए चांगले घेतात, काही घेतच नाहीत.

या ठिकाणी नॅनोकणांचा प्रवेश होतो. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते; आणि ज्या कणांविषयी आपण बोलत आहोत ते बहुधा वीस ते दोनशे नॅनोमीटरचे असतात. एवढ्या लहान डब्यात बोरॉनचे हजारो अणू भरता येतात. डब्याच्या बाहेरील पृष्ठभागावर, गाठीची पेशी ओळखणारे रेणू पत्त्याच्या चिठ्ठीसारखे जोडता येतात. तसेच तो कण शरीरात कोठवर पोहोचला हे पाहण्यासाठी त्यात एखादी खूणही ठेवता येते.

असे डबे अनेक प्रकारचे आहेत. पहिला लायपोसोम, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या पातळ आवरणाची पोकळ गोळी. कर्करोगाचे एक जुने औषध अशा गोळीत भरून देण्यास अमेरिकेत १९९५ सालीच मान्यता मिळाली व आज ते औषध भारतातही वापरले जाते. म्हणजे नॅनोवाहक ही नुसती कविकल्पना नाही. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात फ्रेडरिक हॉथॉर्न यांच्या गटाने २०१३ साली बोरॉन भरलेल्या लायपोसोमांनी उंदरांमधील गाठींची वाढ रोखली गेल्याचे दाखविले. दुसरा प्रकार बोरॉन कार्बाइडच्या कणांचा. त्यांत वजनाने सुमारे ७८ टक्के बोरॉनच असते. बारदान कमी, माल अधिक. बोरॉन नायट्राइडमध्ये हे प्रमाण ४४ टक्क्यांच्या जवळपास असते. याशिवाय सोने, लोह, सिलिका व निरनिराळे बहुवारिक यांचे वाहकही तपासले जात आहेत.

एक उदाहरण आम्हांस विशेष भावले. तोक्यो येथील शास्त्रज्ञांनी २०२० साली पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हा पदार्थ बीपीएशी जोडला. कार्यालयात पाकिटे चिकटविण्यासाठी जो पातळ डिंक आपण वापरतो, त्यात हा पदार्थ असतो. या जोडीमुळे बोरॉन पेशीत वेगळ्या मार्गाने शिरले व अधिक काळ टिकले. उंदरांवरील प्रयोगात गाठी जवळजवळ नाहीशा झाल्याचे त्यांनी नोंदविले. उत्तर दर वेळी महागड्या वस्तूतच असते असे नाही, हे यावरून दिसते.

परंतु ताळेबंदास दोन बाजू असतात, आणि दुसरी बाजू लपविणे आमच्या पेशास शोभणार नाही. रक्तात शिरलेले परके कण टिपून काढणे हे यकृत व प्लीहा यांचे कामच आहे. त्यामुळे पाठविलेल्या नॅनोकणांचा मोठा हिस्सा गाठीऐवजी तेथेच जाऊन बसतो. गाठीच्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात व त्यांतून नॅनोकण आपोआप आत झिरपतात, असे जपानी संशोधकांनी १९८६ साली दाखविले होते. उंदरांमध्ये हे स्पष्ट दिसते. माणसांत मात्र ते रुग्णागणिक व गाठीगणिक बदलते. बोरॉन कार्बाइडसारखे कण विरघळत नाहीत, मग ते शरीराबाहेर कधी व कसे पडणार, हा प्रश्न उरतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोरॉन गाठीच्या सर्व पेशींत सारखे पोहोचले पाहिजे. ज्या पेशीस ते मिळाले नाही ती वाचते, आणि रोग तेथूनच परत येतो. या कारणांमुळे बोरॉन वाहून नेणारा कोणताही नॅनोकण आज नित्य उपचारात आलेला नाही. जपानमध्ये दिले जाते ते बीपीए, नॅनोकण नव्हेत.

मग आपल्या देशाचे काय, असा प्रश्न आपण विचाराल. या चिकित्सेस लागणाऱ्या कित्येक गोष्टी आपल्या महाराष्ट्राशीच संबंधित आहेत. आशियातील पहिल्या संशोधन अणुभट्ट्यांपैकी एक असलेली 'अप्सरा' ४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईजवळ तुर्भे येथे कार्यान्वित झाली. तिच्या निवृत्तीनंतर त्याच जागी 'अप्सरा-यू' ही दोन मेगावॉट क्षमतेची सुधारित अणुभट्टी १० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. वैद्यकीय समस्थानिके व न्यूट्रॉन संशोधन ही तिची प्रमुख कामे आहेत. समृद्ध बोरॉन-१० हे अणुभट्ट्यांच्या नियंत्रणासाठीही लागते, आणि ज्याचे मुख्यालय मुंबईस आहे त्या जड पाणी मंडळाने ते ओडिशातील तालचेर येथील प्रकल्पात तयार करण्याचे तंत्र साध्य केले आहे. कर्करोगाच्या उपचाराचा अनुभव म्हणाल तर टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून मुंबईत उभे आहे. नॅनोवाहकांवर आपल्या देशातील संशोधकही प्रयोगशाळांत काम करीत आहेत. तरीही ही चिकित्सा नित्य उपचार म्हणून आजमितीस भारतातील रुग्णालयांत उपलब्ध नाही, हे स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर. ते उशिरा देत आहोत, याची आम्हांस खंत आहे. ज्यांची गाठ एका जागीच आहे, इतरत्र पसरलेली नाही, आणि ज्यांच्या कर्करोगतज्ज्ञांनी कागदपत्रे पाहून शिफारस केली आहे, अशाच रुग्णाने परदेशी केंद्राशी पत्रव्यवहार करावा. तिकडून रुग्ण स्वीकारल्याचे लेखी उत्तर येईपर्यंत शेताच्या बांधावर खरेदीदार उभा करू नये. त्यांच्या वडिलांचा रोग तोवर फुप्फुसापर्यंत गेला होता, हे आम्हांस नंतर कागदपत्रांवरून समजले. ते तेथे गेले असते तरी उपचारास पात्र ठरण्याची शक्यता फार थोडी होती. दोन एकर वाचले ते बरेच झाले, असे आम्ही त्यांच्या मातोश्रींना सांगितले. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. रात्री झोप लागत नव्हती, की आपण कमी पडलो का म्हणून." हे वाक्य ऐकल्यावर, आपण ही चौकशी दोन वर्षे आधी पूर्ण करावयास हवी होती, असे आम्हांस तीव्रतेने वाटले.

याच संदर्भात आणखी एक इशारा देणे आवश्यक आहे. 'नॅनो' हा शब्द आता बाजारातही आला आहे. याच वर्षी एका कुटुंबाने आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक बाटली दाखविली. तिच्यावर 'नॅनो' असे ठळक अक्षरांत छापले होते व कर्करोग मुळापासून बरा करण्याची हमी दिली होती. बाटलीवर घटक नव्हते, परवाना क्रमांक नव्हता. घेतलेल्या पैशांची पावतीही नव्हती. त्या काळात रुग्णाचे किरणोपचार मात्र सहा आठवडे लांबले. आमची नम्र विनंती आहे, की ज्या औषधाची पावती मिळत नाही ते घेऊ नये. तसेच आमचे आजचे भाषण ऐकून कोणीही टाकणखार अथवा फवारणीचे बोरॉन पोटात घेऊ नये. न्यूट्रॉनविना त्याचा कर्करोगावर उपयोग नाही. अपाय मात्र निश्चित आहे.

मग आपण काय करावे? पुरुषांमधील कर्करोगांत तोंडाचा कर्करोग आपल्या देशात अग्रस्थानी आहे आणि तंबाखू, गुटखा, सुपारी ही त्याची प्रमुख कारणे आहेत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतींचे कोपरे वेगळीच साक्ष देतात. हा रोग तोंडात, डोळ्यांस दिसेल अशा जागी सुरू होतो. पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे, ही लक्षणे विजेरीच्या उजेडात दिसतात. केरळमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी ठरावीक अंतराने लोकांची तोंडे तपासली. तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये त्यामुळे तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, असा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या शेजारचे उदाहरणही आहे. बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे बार्शीच्याच डॉक्टरांच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीच्या अभ्यासात सामावून घेण्यात आले. एकाच एचपीव्ही चाचणीने त्या रोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होऊ शकतात, हे २००९ साली जगास कळले ते आपल्या मराठवाड्यातील खेड्यांतून. विज्ञान तुर्भ्यात किंवा तोक्योतच घडते असे नव्हे.

या सर्व विचारांती देणगीदार कुटुंबाशी आम्ही चर्चा केली. त्यांच्या लेखी संमतीने व विश्वस्त मंडळाच्या ठरावाने त्या निधीचा हेतू पुढीलप्रमाणे विस्तारित करण्यात आला आहे. पहिले, निधीच्या व्याजातून तालुक्यातील गावांत, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुखतपासणी शिबिरे घेण्यात येतील. दुसरे, तपासणीत संशय आढळलेल्या रुग्णास व सोबतच्या एका नातेवाइकास लातूर, बार्शी अथवा मुंबई येथे जाण्यायेण्याचा खर्च देण्यात येईल. उपचार मोफत मिळत असूनही केवळ प्रवासखर्चाअभावी दोन-दोन महिने घरी बसलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत. औषध रोगापर्यंत पोहोचविणे जसे अवघड, तसेच रोग्यास औषधापर्यंत पोहोचविणेही अवघडच आहे; आणि हे दुसरे काम आपल्या आवाक्यातील आहे. तिसरे, मूळ रकमेस हात लावला जाणार नाही. आपल्या देशात ही न्यूट्रॉन चिकित्सा ज्या दिवशी उपलब्ध होईल, त्या दिवसानंतर तालुक्यातील जो पहिला पात्र रुग्ण असेल, त्याच्या प्रवास व निवासाची व्यवस्था या रकमेतून होईल. देणाऱ्याचा मूळ हेतू असा अबाधित राहील.

ही तिसरी अट त्या तरुणाने स्वतः सुचविली. "बाबांना नाही मिळालं, कुणाला तरी मिळू द्या," एवढेच ते म्हणाले. ठरावात हे वाक्य नोंदविता आले नाही, म्हणून येथे नोंदवीत आहोत.

शेवटी देणगीदारांस एक विनंती. यंत्रावर आपले नाव कोरले जावे, ही इच्छा स्वाभाविक आहे व तीबद्दल आम्हांस आदरच आहे. परंतु एस. टी.च्या तिकिटावर कोणाचे नाव नसते, तरी त्या तिकिटाने एखादा मनुष्य वेळेवर डॉक्टरांसमोर जाऊन बसतो. या निधीत भर घालू इच्छिणाऱ्यांनी कार्यालयात संपर्क साधावा. प्रत्येक रुपयाची पावती दिली जाईल व खर्चाचा तपशील पुढील अहवालात छापला जाईल. नातेवाइकांस विनंती अशी की, कात्रण, जाहिरात वा बाटली, काहीही हाती आले तर आधी आम्हांस दाखवावे. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगू, आणि यापुढे ते शोधावयास दोन वर्षे लावणार नाही.

 सभेनंतर शेजारच्या खोलीत आमचे दंतवैद्य बसणार आहेत. चहा घेण्यापूर्वी प्रत्येकाने एकवार तोंड उघडून दाखवावे, अशी आग्रहाची विनंती करतो व आपली रजा घेतो.